तारकापेशी आणि मेंदूचा दाह : एका कल्पनेचा इतिहास

१

एखाद्या वस्तूला दिलेले नाव तिच्याविषयीच्या पुढील संशोधनाची दिशा कशी ठरवून टाकते, याची जी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात आढळतात, त्यांत मज्जासंस्थेतील ‘ग्लिया’चे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, म्हणजे चिकटविण्याचा पदार्थ. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये मज्जापेशींच्या दरम्यान पसरलेल्या द्रव्याला ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले आणि त्याचे वर्णन करताना काचा बसविण्यासाठी वापरतात त्या लुकणाची उपमा योजली. मज्जापेशी हे मेंदूचे खरे कार्यकारी घटक आणि ग्लिया ही त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारी खळ, अशी ही कल्पना होती. तथापि याच फिर्खोंनी १८५८ मधील आपल्या व्याख्यानांत असाही इशारा देऊन ठेवला होता की, मेंदू व मज्जारज्जू यांतील रोगविकृती पुष्कळदा या मधल्या द्रव्यातच आढळतात, म्हणून विकृतिशास्त्रज्ञाने त्याची उपेक्षा करू नये. नाव टिकले, इशारा मात्र पुष्कळ काळ विस्मृतीत गेला.

ग्लियाचा जो प्रकार पुढे ‘ॲस्ट्रोसाइट’ म्हणजे तारकापेशी या नावाने प्रसिद्ध झाला, त्याच्याकडे गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत चार भिन्न दृष्टींनी पाहिले गेले. प्रथम ती रिकामी जागा भरणारी पेशी ठरली, नंतर मज्जातंतूंची वाट अडविणारी भिंत, त्यानंतर दाहाला आवर घालणारी रक्षक आणि अखेरीस मज्जापेशींचा घात करणारी मारेकरी. ही मते परस्परविरोधी दिसतात. परंतु ज्या प्रयोगांवर ती आधारलेली होती ते प्रयोग बहुतांशी निर्दोष होते. मग विरोध कोठून आला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला विचारावा लागतो. क्षतस्थानी एखादी पेशी आढळणे ही एक गोष्ट आणि त्या क्षताला ती कारणीभूत असणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंतील भेद सुटला की रोगनिदान चुकते आणि उपचारही चुकतात. तारकापेशींचा इतिहास हा मुख्यतः हा भेद विसरला जाण्याचा आणि पुन्हा लक्षात येण्याचा इतिहास आहे.

२

या वादाचे बीज एकोणिसाव्या शतकातच पडले होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये आज मल्टिपल स्क्लेरोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूत व मज्जारज्जूत ठिकठिकाणी घट्ट, करड्या रंगाचे चट्टे आढळत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत ग्लियाच्या तंतूंची दाट जाळी दिसे व मज्जातंतूंवरील मायेलिनचे आवरण नाहीसे झालेले असे. यावरून शार्को यांनी असा निष्कर्ष काढला की, ग्लियाची वाढ हाच मूळ विकार होय. मज्जातंतूंचा ऱ्हास हा तिचा परिणाम होय.

या मताच्या अगदी उलट मत फ्रँकफुर्टचे कार्ल व्हायगर्ट यांनी मांडले. ग्लियाचे तंतू तेवढेच रंगविणारी एक रंजनपद्धती त्यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केली व ती १८९५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या मते कोणत्याही इंद्रियातील विशिष्ट कार्य करणारा भाग नष्ट झाला की उरलेल्या पेशी ती पोकळी भरून काढतात. ग्लियाही तेच करते. म्हणजे तिची वाढ हे कारण नसून परिणाम आहे, आणि तोही निष्क्रिय स्वरूपाचा.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोघांच्याही समोर असलेला पुरावा एकाच जातीचा होता. मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूच्या पातळ चकत्यांवरून कोणती घटना आधी घडली व कोणती नंतर, हे ठरविता येत नाही. चकतीत स्थल दिसते, काल दिसत नाही. त्यामुळे शार्को आणि व्हायगर्ट यांच्यातील मतभेद मिटविण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते.

३

दरम्यान ग्लियाच्या रचनेचे ज्ञान रंजनविद्येच्या प्रगतीबरोबर वाढत गेले. इटलीतील कामिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये रौप्यक्षारांची सुप्रसिद्ध ‘काळी प्रक्रिया’ शोधून काढली. ग्लियापेशींचे काही फाटे रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर पसरट पावलासारखे टेकलेले असतात हे गॉल्जी यांच्या निदर्शनास आले, आणि रक्तातील पोषक द्रव्ये मज्जापेशींपर्यंत पोचविण्याचे काम या पेशी करीत असाव्यात असे त्यांनी सुचविले. या पेशींचा ताऱ्यासारखा आकार पाहून हंगेरियन शरीरशास्त्रज्ञ मिहाय लेनहोशेक यांनी १८९० नंतरच्या दशकात त्यांना ‘ॲस्ट्रोसाइट’ हे नाव दिले. १९१० मध्ये आलोइस अल्झायमर यांनी ग्लियाच्या विकृतींवर विस्तृत निबंध लिहून, मज्जाद्रव्याच्या विघटनात या पेशी सक्रिय भाग घेतात असे दाखविले. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराला नाव देऊन गेलेल्या या संशोधकाचे हे कार्य तुलनेने कमी परिचित आहे.

माद्रिदमध्ये सांतियागो रामोन ई काहाल यांनी १९१३ मध्ये सुवर्ण व पारद यांच्या क्षारांवर आधारलेली रंजनपद्धती काढली. तिने तारकापेशी मुळापासून टोकांपर्यंत स्पष्ट दिसू लागल्या. त्यांचे शिष्य पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये रौप्य कार्बोनेटच्या साहाय्याने सूक्ष्मग्लिया ही स्वतंत्र पेशी वेगळी काढून दाखविली. ही पेशी जखमेकडे धावून जाते व मृत द्रव्य गिळून टाकते, हे त्यांनी सिद्ध केले. या शोधाचे महत्त्व वादातीत आहे; परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणामही झाला. मेंदूतील दाहाचे काम सूक्ष्मग्लियाकडे आणि वण तयार करण्याचे काम तारकापेशींकडे, अशी कामाची वाटणी अभ्यासकांच्या मनात पक्की झाली. तारकापेशी स्वतः दाहात सहभागी होत असतील, हा विचार त्यानंतर सुमारे साठ वर्षे मागेच राहिला.

१९२४ मध्ये वाइल्डर पेनफील्ड हे अमेरिकेतून माद्रिदला आले ते याच रंजनपद्धती शिकण्यासाठी. त्यांचा प्रश्न शस्त्रवैद्याचा होता. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांपैकी काहींना पुढे फेफरे येऊ लागते. या रुग्णांच्या मेंदूतील वणात नेमके काय असते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. पेनफील्ड व रीओ ओर्तेगा यांनी मेंदूच्या वणावरील आपला संयुक्त निबंध १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. वण आकसतो व भोवतालचा मेंदू ओढला जातो, या निरीक्षणावरून पेनफील्ड यांनी पुढे ब्रेस्लाउचे ओट्फ्रीड फोअर्स्टर यांच्या सहवासात असे वण कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास केला. काही रुग्णांच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया उपकारक ठरली. त्यामुळे वण म्हणजे काढून टाकण्याची वस्तू, ही समजूत वैद्यकात अधिकच दृढ झाली.

४

तारकापेशींना ‘भिंत’ ही उपाधी मिळाली ती मज्जारज्जूच्या दुखापतींच्या अभ्यासातून. हातापायांतील तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढतात, परंतु मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतू वाढू लागून थोड्याच अंतरावर थांबतात, हे काहाल यांनी सविस्तर नोंदविले होते. या अपयशाचे कारण त्यांनी वणात शोधले नाही. वाढीस उत्तेजन देणाऱ्या द्रव्यांचा तेथे अभाव असावा, असे त्यांचे मत होते. त्यांचे सहकारी तेयो यांनी १९११ मध्ये मेंदूत बाह्य मज्जातंतूचा तुकडा रोपून पाहिला तेव्हा मेंदूतील तंतू त्या तुकड्यात शिरलेले आढळले, ही गोष्ट या मताला पोषक होती.

१९५० च्या सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम विंडल व त्यांचे सहकारी यांनी वेगळा मार्ग चोखाळला. जंतूंपासून काढलेले, ज्वर आणणारे एक द्रव्य मज्जारज्जू कापलेल्या मांजरांना दिले असता वण विरळ होतो आणि काही तंतू त्यातून पार होतात, असे त्यांनी नोंदविले. १९५२ मधील त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘ग्लियाचा अडसर’ हा शब्दप्रयोग होता. या प्राण्यांना चालण्याची शक्ती मात्र परत मिळाली नाही. उपचार पुढे गेला नाही; अडसराची कल्पना राहिली.

या कल्पनेला नवे बळ मिळाले ते रसायनशास्त्राकडून. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स एंग यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या जुन्या चट्ट्यांतून एक प्रथिन वेगळे काढले व १९७१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘जीफॅप’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन तारकापेशींच्या तंतूंत असते. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होताच कोणत्याही प्रयोगशाळेत तारकापेशी ओळखणे सुलभ झाले. परंतु प्रत्येक साधन काही दाखविते तसे काही झाकूनही ठेवते. निरोगी मेंदूच्या करड्या भागातील पुष्कळ तारकापेशींत हे प्रथिन इतके अल्प असते की या रंजनाने त्या दिसतच नाहीत. इजा झाल्यावर त्यांत ते वाढते आणि त्या एकाएकी दृग्गोचर होतात. हे पाहून अनेकदा असा समज झाला की तेथे पेशींची संख्याच वाढली आहे. वस्तुतः इजेच्या लगतच्या काही पेशींचे विभाजन होते हे खरे असले, तरी दूरच्या भागात आधीच असलेल्या पेशी फक्त आता दिसू लागलेल्या असतात.

पुढील प्रयोगांनी भिंतीची कल्पना अधिक काटेकोर केली. १९८७ मध्ये लिऊझी आणि लासेक यांनी दाखविले की, वाढत येणारे तंतू तारकापेशींची गाठ पडताच थांबतात. क्लीव्हलंडमधील जेरी सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये वणातील काही शर्करायुक्त प्रथिनांकडे लक्ष वेधले. तंतूंच्या वाढीला ती प्रतिबंध करतात असे आढळले. २००२ मध्ये लंडनमधील ब्रॅडबरी व सहकारी यांनी ही द्रव्ये पचविणारे जंतुजन्य विकर मज्जारज्जूची दुखापत झालेल्या उंदरांना दिले, तेव्हा तंतूंची वाढ झाली व हालचालीतही सुधारणा दिसली. या टप्प्यावर अनेकांना असे वाटू लागले असल्यास नवल नाही की, तारकापेशींचा वण नाहीसा केला म्हणजे पक्षाघात झालेला रुग्ण उठून चालू लागेल.

५

याच काळात दुसऱ्या एका दिशेने दाहाचा प्रश्न पुढे येत होता. पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत परक्या सशाच्या त्वचेचे तुकडे रोपून दाखविले होते की, तेथे त्यांचा अव्हेर सहजासहजी होत नाही. यावरून मेंदू हा शरीराच्या प्रतिकारसंस्थेच्या कक्षेबाहेरचा प्रदेश आहे, ही समजूत रूढ झाली. परंतु १९८४ मध्ये फोंताना, फिर्झ व वेकर्ले यांनी एक आश्चर्यकारक निरीक्षण प्रसिद्ध केले. काचपात्रात वाढविलेल्या तारकापेशी मायेलिनमधील एक प्रथिन प्रतिकारसंस्थेच्या टी-पेशींपुढे सादर करू शकतात आणि त्या पेशींना उत्तेजित करतात. प्रत्यक्ष मेंदूत हे कार्य किती प्रमाणात घडते याविषयी नंतर वाद झाला; तथापि तारकापेशींना प्रतिकारसंस्थेची भाषा समजते आणि बोलताही येते, एवढे त्यातून निर्विवाद ठरले.

दाहाच्या प्रक्रियेचे जे चित्र त्यानंतर हळूहळू स्पष्ट झाले, ते थोडक्यात असे. मेंदूला इजा होताच सूक्ष्मग्लिया प्रथम जागी होते व इंटरल्यूकिन-१, टीएनएफ यांसारखी संदेशद्रव्ये सोडते. ती मिळताच तारकापेशी फुगतात, त्यांचे फाटे जाड होतात, जीफॅपची निर्मिती वाढते. त्या स्वतःही अशी द्रव्ये सोडतात की ज्यांच्या ओढीने रक्तातील पांढऱ्या पेशी क्षतस्थानी येतात. काही दिवसांनी क्षताच्या कडेला असलेल्या तारकापेशी आपले फाटे एकमेकांत गुंफून एक सीमा तयार करतात. या सीमेच्या आत मृत द्रव्य, पांढऱ्या पेशी आणि तंतुजनक पेशी राहतात. बाहेर जिवंत मज्जाद्रव्य. गॉल्जींना दिसलेली रक्तवाहिन्यांवरील ‘पावले’ही येथे महत्त्वाची ठरतात, कारण रक्त आणि मेंदू यांमधील अडसर अबाधित ठेवण्यात तारकापेशींचा वाटा असतो. म्हणजे दाहाला आमंत्रण देणारी आणि दाहाला कुंपण घालणारी पेशी एकच आहे.

६

वण नाहीसा केला तर काय होते, हे प्रत्यक्ष करून पाहण्याचे साधन जनुकशास्त्राने १९९० नंतर उपलब्ध करून दिले. शार्को आणि व्हायगर्ट यांना जो प्रश्न सोडविता आला नाही, त्याला आता हात घालता येत होता. मायकेल सॉफ्रोन्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की, ज्यांच्यातील इजेनंतर विभाजित होऊ पाहणाऱ्या तारकापेशी एका औषधाने निवडून नष्ट करता येत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेंदूला इजा केलेल्या अशा उंदरांत क्षतस्थानी काही तंतूंची वाढ अधिक झाली हे खरे; परंतु त्याचबरोबर पांढऱ्या रक्तपेशींचे लोंढे मज्जाद्रव्यात शिरले, रक्त व मेंदू यांमधील अडसर भरून आला नाही आणि मज्जापेशींचा मोठ्या प्रमाणावर नाश झाला. २००४ मध्ये मज्जारज्जूवर असाच प्रयोग झाला. मध्यम स्वरूपाच्या दुखापतीतून सामान्य उंदीर बऱ्याच अंशी सावरले. तारकापेशी नष्ट केलेल्या उंदरांना मात्र गंभीर स्वरूपाचे पंगुत्व आले. जिला अडथळा मानले होते ती भिंत पुराच्या पाण्याला अडविणारा बांध निघाली.

यानंतरचे दोन प्रयोग एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००५ मध्ये ब्रांबिल्ला व सहकारी यांनी तारकापेशींतील ‘एनएफ-कप्पा-बी’ हा अंतर्गत संदेशमार्ग बंद केला. उंदरांतील दाह कमी झाला व त्यांची प्रकृती अधिक सुधारली. २००६ मध्ये जपानमधील ओकादा व सहकारी यांनी ‘स्टॅट-३’ हा दुसरा मार्ग बंद केला. तेव्हा दाह पसरला व सुधारणा खुंटली. पेशी तीच, अवयव तोच, दुखापतही त्याच जातीची. फरक केवळ पेशीच्या आत कोणती कळ दाबली गेली याचा. एकाच पेशीला साधी ‘हितकर’ किंवा ‘अहितकर’ ही विशेषणे लावता येत नाहीत, हे याहून स्पष्टपणे सांगणे अवघड आहे.

भिंतीच्या कल्पनेला शेवटचा धक्का २०१६ मध्ये बसला. अँडरसन, सॉफ्रोन्यू व सहकारी यांनी दाखविले की, तारकापेशींचा वण तयार होऊ दिला नाही तरी तंतू आपोआप वाढत नाहीत. प्रतिबंधक मानलेली शर्करायुक्त प्रथिने इतर पेशीही निर्माण करतात. उलट, तंतूंना वाढीची उत्तेजक द्रव्ये पुरविली तर ते वणातूनही मार्ग काढतात. शंभर वर्षांपूर्वी काहाल यांनी उत्तेजक द्रव्यांच्या अभावाविषयी जे अनुमान केले होते, त्याच्याशी हा निष्कर्ष पुष्कळ जुळतो. अर्थात २००२ मधील प्रयोग त्यामुळे खोटा ठरत नाही. त्यातील द्रव्य प्रतिबंधक होते, मात्र ते सर्वस्वी तारकापेशींच्या खात्यावर मांडणे चूक होते.

७

रक्षक म्हणून तारकापेशींची प्रतिष्ठा स्थापित होते न होते तोच नवा आरोप पुढे आला. २०१७ मध्ये शेन लिडेलो, बेन बारेस आणि सहकारी यांनी असे प्रसिद्ध केले की, उत्तेजित सूक्ष्मग्लिया इंटरल्यूकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू ही तीन द्रव्ये एकत्र सोडते तेव्हा तारकापेशींचा एक विशिष्ट प्रकार उत्पन्न होतो आणि तो मज्जापेशींना मारतो. अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन इत्यादी रोगांनी मृत झालेल्या व्यक्तींच्या मेंदूत या प्रकाराची खूण आढळली. या घातक प्रकाराला ‘ए१’ व उपकारक प्रकाराला ‘ए२’ अशी नावे देण्यात आली. नावे सुटसुटीत होती, म्हणून ती झपाट्याने पसरली. आणि फिर्खोंच्या ‘लुकणा’प्रमाणेच पेशीच्या अनेकविध अवस्थांना दोन कप्प्यांत कोंबण्याचा मोह त्यांनी निर्माण केला. २०२१ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी संयुक्त निवेदन काढून ही द्विभागणी सोडून द्यावी, कोणत्याही एका खुणेवरून पेशीचे कार्य ठरवू नये आणि प्रत्येक वेळी रोग, स्थान व काल यांचा निर्देश करावा, असा आग्रह धरला. लिडेलो हेही या निवेदनाच्या लेखकांत होते, ही गोष्ट शास्त्रीय परंपरेला भूषणावह आहे.

हा वाद केवळ पंडिती नाही, याचा दाखला एका रोगाच्या इतिहासात मिळतो. दृष्टिनाश आणि मज्जारज्जूचा दाह एकत्र आणणारा जो विकार लियोंचे यूजेन देव्हिक यांनी १८९४ मध्ये वर्णिला, तो पुढे दीर्घकाळ मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार समजला जात असे. २००४ मध्ये व्हांडा लेनन व सहकारी यांनी या रुग्णांच्या रक्तात एक वेगळे प्रतिपिंड शोधून काढले. २००५ मध्ये त्याचे लक्ष्य ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन असल्याचे आढळले. हे प्रथिन तारकापेशींच्या रक्तवाहिन्यांवरील पावलांत दाटीने असते. म्हणजे या रोगात तारकापेशी दाहाची कर्ती नसून त्याचे पहिले भक्ष्य असते. मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिली जाणारी काही औषधे या रुग्णांचा विकार वाढवितात. त्यामुळे हा भेद समजणे म्हणजे रुग्णाची दृष्टी वाचणे किंवा जाणे होय. दुसरीकडे, एंग यांनी जुन्या चट्ट्यांतून काढलेले जीफॅप आज मेंदूच्या इजेची खूण म्हणून रक्तात मोजले जाते. अशा चाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अनुमती दिली.

या सर्व इतिहासाचे सार काय? प्रत्येक पिढीने आपल्या हाती असलेल्या साधनाने तारकापेशींकडे पाहिले आणि साधनाने जे दाखविले त्यालाच पेशीचा स्वभाव मानले. तंतू रंगविणाऱ्याला तंतू दिसले, वण कापणाऱ्याला वण दिसला, तंतूंची वाट पाहणाऱ्याला भिंत दिसली, विष शोधणाऱ्याला विष सापडले. यांपैकी कोणतेही निरीक्षण असत्य नव्हते. चूक घडली ती निरीक्षणावरून निवाडा देण्याच्या घाईत. आग लागलेल्या घराजवळ जो प्रत्येक वेळी आढळतो तो आग लावणाराच असतो असे नाही. तो पाण्याची घागर घेऊन आलेला शेजारीही असू शकतो, आणि कधी त्याचेच घर जळत असते. तो कोण हे ठरविण्यासाठी तो केव्हा आला, कोणाच्या हाकेने आला आणि तो नसता तर काय झाले असते, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. तारकापेशींच्या बाबतीत हे प्रश्न विचारण्यास शार्को यांच्यापासून सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. मेंदूच्या दाहावर उपचार शोधणाऱ्या पुढील अभ्यासकांनी ते प्रथमच विचारले, तर या दीर्घ इतिहासाचे काही सार्थक झाले असे म्हणता येईल.